हेगची दोन न्यायालये आणि तिथली इंटर्नशिप

मानवी हक्क किंवा शासनव्यवहार या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी ‘हेगच्या न्यायालयात इंटर्नशिप करायची आहे’ असे सर्रास म्हणतात. मात्र नेदरलँड्समधल्या त्या एका शहरात आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय अशी दोन निराळी न्यायालये आहेत, आणि एकाला लिहिलेला अर्ज दुसऱ्याच्या कामी येत नाही.

पहिले, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालय, हे संयुक्त राष्ट्रांचे प्रमुख न्यायिक अंग असून १९४६ पासून पीस पॅलेसमध्ये काम करते. तिथे खटला चालतो तो राष्ट्राराष्ट्रांत. कुलभूषण जाधव प्रकरणाचा २०१९ मधला निकाल आपल्याकडे घरोघरी चर्चिला गेला, पण त्यातही पक्षकार भारत आणि पाकिस्तान होते, जाधव नव्हेत. दुसरे न्यायालय संयुक्त राष्ट्रांचा भाग नाही. १९९८ च्या ‘रोम संविधी’ या आंतरराष्ट्रीय करारातून ते जन्माला आले, २००२ मध्ये ती संविधी अमलात आली, आणि वंशसंहार किंवा युद्धगुन्ह्यांसाठी ते व्यक्तींवर खटले चालवते.

म्यानमारमधून हुसकावल्या गेलेल्या रोहिंग्या मुस्लिमांच्या प्रश्नात हा भेद लख्ख दिसतो. ११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने म्यानमारविरुद्ध पहिल्या न्यायालयात दावा दाखल केला. १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराचा म्यानमारने राष्ट्र म्हणून भंग केला का, हा तिथला प्रश्न. तीनच दिवसांनी फौजदारी न्यायालयाने आपल्या अभियोक्त्याला तपासाची परवानगी दिली. म्यानमार रोम संविधीचा सदस्य नाही. पण हुसकावलेली माणसे सीमा ओलांडून ज्या बांगलादेशात आली तो सदस्य असल्यामुळे, गुन्ह्याचा काही भाग त्याच्या भूमीवर घडला, असा अधिकारक्षेत्राचा आधार मिळाला.

साहजिकच शिकायला मिळते तेही वेगळे. करार, सीमा, राष्ट्रांची जबाबदारी यांत रस असणाऱ्याने पहिल्याकडे पाहावे. पुरावे, साक्षीदार आणि पीडितांचा कार्यवाहीतला सहभाग जवळून पाहायचा असेल, तर मानवी हक्कांच्या विद्यार्थ्याला दुसरे अधिक मानवेल, असे माझे मत आहे.

खरी मेख पैशांत आणि नागरिकत्वात आहे. पहिल्या न्यायालयाची इंटर्नशिप एक ते तीन महिन्यांची आणि बिनपगारी असते. तिथल्याच न्यायिक फेलोशिपशी तिची गल्लत होते, पण फेलोशिप सुमारे दहा महिन्यांची असते आणि तिच्यासाठी विद्यार्थी नव्हे, विद्यापीठ नाव पाठवते. विकसनशील देशांतल्या विद्यापीठांच्या उमेदवारांना मदत मिळावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२० मध्ये एक निधीही स्थापन केला. आपल्या विभागप्रमुखांना त्याची कल्पना द्यायला हरकत नसावी. फौजदारी न्यायालयातली इंटर्नशिप साधारण तीन ते सहा महिने चालते आणि तीही बहुतेकदा बिनपगारीच. जे थोडे अर्थसाहाय्य असते ते विकसनशील सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांसाठी असते, आणि भारताने रोम संविधी स्वीकारलेली नाही. त्यामुळे भारतीय पारपत्रधारकाने तिथला खर्च स्वतःच्या किंवा एखाद्या शिष्यवृत्तीच्या बळावर पेलण्याची तयारी आधी करावी, मग अर्ज भरायला घ्यावा.