‘वजन १० टक्के कमी’ आणि ‘काटा १० टक्के जास्त’: शेकडा नफा वेगळा का येतो

स्पर्धा परीक्षांत खोट्या वजनाची दोन गणितं जवळजवळ एकाच शब्दांत येतात.

अ) दुकानदार खरेदी किमतीलाच माल विकतो, पण १ किलोच्या जागी ९०० ग्रॅमचं वजन वापरतो.

ब) दुकानदार खरेदी किमतीलाच माल विकतो, पण त्याचा काटा खऱ्या वजनापेक्षा १० टक्के जास्त दाखवतो.

‘अ’चा नफा ११.११ टक्के, ‘ब’चा बरोबर १० टक्के.

भाव ग्रॅमला १ रुपया धरा. ‘अ’मध्ये गिऱ्हाईक १००० रुपये मोजतं आणि त्याच्या पिशवीत ९०० ग्रॅम माल पडतो. दुकानदाराने हा माल ९०० रुपयांना घेतलेला, म्हणजे नफा १०० रुपये. शेकडा नफा नेहमी खरेदीवर काढतात, म्हणून १०० भागिले ९००. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: ते १००ला १०००ने भागतात. तसं केल्यावर येणारे १० टक्के म्हणजे गिऱ्हाइकाला किती माल कमी मिळाला त्याचं प्रमाण. प्रश्न मात्र दुकानदाराच्या नफ्याचा आहे.

‘ब’मध्ये पारड्यात खरे १००० ग्रॅम ठेवले की काटा ११०० दाखवतो. माल गेला १००० रुपयांचा, पैसे आले ११००. गिऱ्हाइकाने १ किलो मागितला तर त्याला १००० भागिले १.१, म्हणजे सुमारे ९०९ ग्रॅम मिळतात, ९०० नव्हे.

‘चूक भागिले (१००० वजा चूक)’ हे पाठ केलेलं सूत्र ‘अ’ला चालतं. तेच १०० ग्रॅमची चूक धरून ‘ब’ला लावलं की उत्तर पुन्हा ११.११ येतं आणि गुण जातो. त्यापेक्षा दोनच आकडे लिहावेत: पैसे किती ग्रॅमचे घेतले आणि माल किती ग्रॅम गेला. पहिल्याला दुसऱ्याने भागा, त्यातून १ वजा करा, १००ने गुणा.

भाव वाढवला असेल तर तोही याच भागाकारात गुणला जातो. २० टक्के नफ्याने विकून ८०० ग्रॅमच दिले, तर १.२ गुणिले १००० भागिले ८००, म्हणजे १.५, नफा ५० टक्के. भावातले २० आणि वजनातले २५ (२०० भागिले ८००) यांची बेरीज करून ४५ लिहू नये. १० टक्के तोटा सोसून विकतो असं सांगणारा ९०० ग्रॅम देत असेल, तर नफाही नाही, तोटाही नाही.

आतापर्यंतची चूक वजनाच्या प्रमाणात होती. मिठाईच्या खोक्याचं वजन मालात धरलं जातं, तेव्हा हिशेब बदलतो, कारण चूक ठरावीक ग्रॅमची असते. खोका ५० ग्रॅमचा असेल, तर १ किलोवर नफा ५० भागिले ९५०, म्हणजे ५.२६ टक्के, पाव किलोवर मात्र ५० भागिले २००, म्हणजे तब्बल २५ टक्के. खरेदी जितकी लहान, तितकी लूट मोठी. अशा गणितात किती माल घेतला हे दिलेलं नसेल तर टक्केवारी निघतच नाही.

तपासण्याची रीतही दोघांची वेगळी. रिकामा खोका ठेवून आकडा शून्यावर आणायला लावला की खोक्याची चूक जाते. ‘ब’चा काटा रिकामा असताना शून्यच दाखवतो, त्याची लबाडी उघडी पडायला त्यावर खात्रीचं १ किलोचं वजनच ठेवावं लागतं.