9 नॅनोमीटरच्या कणातलं तिरकं कवच

मॅग्नेटाइट हे लोहाचं काळं, चुंबकी ऑक्साइड. त्याच्या मोठ्या तुकड्याचं चुंबकत्व किती, हे कोष्टकात बघून सांगता येतं. पण त्याचेच काही नॅनोमीटरचे (1 नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) कण केले, की चुंबकत्व बऱ्याचदा हिशेबापेक्षा कमी भरतं. एमआरआयमध्ये आणि कर्करोगाची गाठ तापवून नष्ट करण्याच्या उपचारात असे कण कामाला येतात, म्हणून ही तूट कुठे पडते हे कळायलाच हवं.

संशय जुना आहे: कणाच्या पृष्ठभागावर गडबड आहे. आणि पृष्ठभाग इथे किरकोळ नसतो. 9 नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्याचा बाहेरचा फक्त 1 नॅनोमीटरचा थर धरला, तरी त्यात निम्म्याहून जास्त आकारमान येतं!

हे तपासायला न्यूट्रॉनसारखं साधन नाही. त्याला विद्युतभार नाही, त्यामुळे तो पदार्थात खोल शिरतो. शिवाय तो स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. म्हणून तो अणुकेंद्रांमुळे विखुरतो, तसाच अणूंच्या चुंबकत्वामुळेही. दोन्ही खुणा वेगळ्या करण्याची युक्ती मला फार देखणी वाटते. एकाच दिशेचा स्पिन (म्हणजे या अतिसूक्ष्म चुंबकाची दिशा) असलेले न्यूट्रॉन नमुन्यावर सोडायचे. कणाच्या निव्वळ रचनेमुळे विखुरताना स्पिन तसाच राहतो. वाटेत आडवं चुंबकत्व भेटलं, तर तो उलटू शकतो. पलीकडे हेलियम-3 वायूची नळी असते. त्यातली अणुकेंद्रं एका दिशेला लावलेली असतात आणि विरुद्ध स्पिनचे न्यूट्रॉन ती गिळून टाकतात. म्हणजे उलटलेले किती, न उलटलेले किती, हे वेगवेगळं मोजता येतं. (आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीवर असेच एका स्पिनचे न्यूट्रॉन परावर्तित करून पातळ चुंबकी थर अभ्यासले जातात.)

अमेरिकेत हाच मार्ग वापरून 9 नॅनोमीटरचे मॅग्नेटाइट कण तपासले गेले. निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. 1.2 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकी क्षेत्राचं एकक) जोरदार चुंबकी क्षेत्रातही कणाच्या बाहेरच्या कवचाचं चुंबकत्व गाभ्याच्या चुंबकत्वाच्या दिशेला वळलेलं नव्हतं. ते निर्जीवही नव्हतं, अस्ताव्यस्तही नव्हतं. सगळं एकसारखं तिरकं होतं. क्षेत्र काढून घेतलं, आणि कवच नाहीसं झालं. रचनेतला दोष असता तर तो क्षेत्र काढल्यावरही तिथेच राहिला असता. म्हणजे हे कवच निव्वळ चुंबकी आहे, आणि त्याची जाडी तापमानाप्रमाणे बदलते.