जड माल वेगळा, उंच माल वेगळा

गोव्यात मडगावला मासळी उतरवून पेडण्याकडे परतणाऱ्या पिकअपवाल्यांचं एक गाऱ्हाणं मी वर्षानुवर्षं ऐकतोय. जाताना गाडी भरलेली होती, येताना नुसत्या थर्माकोलच्या रिकाम्या पेट्या, तरी डिझेल तेवढंच गेलं. मग पंपाच्या मापावर संशय, नाहीतर नोझल दाखवायला मेकॅनिककडे धाव. त्या रिकाम्या पेट्या केबिनच्या वर किती फूट गेल्या होत्या, हे मात्र कोणी विचारत नाही.

गोंधळाचं मूळ एका शब्दात आहे. आपण 'लोड' म्हणतो आणि त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो: मालाचं वजन आणि मालाची उंची. वजन चाकांना आणि चढाला भिडतं. उंची वाऱ्याला भिडते. दोन्हींचं डिझेल एकाच टाकीतून जातं, पण दोन्हींचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत.

वजनाचा भाग गाडी चालवणाऱ्याला सांगायची गरज नाही, पायालाच कळतो. सिग्नलला थांबून पुन्हा उठताना कळतो, चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर आल्यावर कळतो. केरीहून वर जाताना सुमारे सातशे मीटरचा चढ आहे. एक टन माल तेवढा उचलायला साधारण अर्धा ते पाऊण लिटर डिझेल जास्तीचं लागतं. सपाटीवर मात्र तोच टन फारसा त्रास देत नाही. टायरमध्ये हवा नीट असली तर टनामागे साधारण दहा किलोची ओढ वाढते, आणि गाडी चाळीसने चालो की ऐंशीने, ती ओढ जवळपास तेवढीच राहते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कारण वारा नेमका इथेच वेगळा वागतो.

वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की रोध चौपट. आणि तो ढकलायला इंजिनाला लागणारी ताकद तर आठपट, कारण चौपट रोध दुप्पट वेगाने ढकलायचा असतो. चाळीसच्या वेगात पिकअपला साधारण अकरा किलोचा वारा अडवतो. ऐंशीला तोच त्रेचाळीसच्या घरात जातो. ही रिकाम्या हौद्याची गोष्ट झाली.

आता दोन गाड्या शेजारी उभ्या करा. एकीत चाळीस चिरे, म्हणजे बांधकामाचे जांभ्या दगड, आहेत. चिरा तीसेक किलोचा धरला तर टनाच्या वर वजन झालं, पण ते हौद्याच्या तळाशी एका थरात मावतं. फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या कडेच्या उघडत्या पत्र्याच्या, आत सगळं. लांबून बघणाऱ्याला गाडी रिकामी वाटेल. दुसरीत थर्माकोलच्या पेट्या, केबिनच्या छपरापेक्षा दोन फूट वर, दोरीने आवळलेल्या. सगळा माल दोन पोरं उचलून ठेवतील. रस्त्यावरचा कोणीही सांगेल की चिऱ्यांची गाडी जास्त डिझेल पिणार.

घाटात त्याचं म्हणणं बरोबर आहे. वीस फुटांना एक फूट असा चढ असेल तर टनामागे पन्नास किलोची ओढ वाढते, आणि तिथे वेगच इतका कमी असतो की वारा हिशेबातही येत नाही. पण सपाटीवर चौपदरी रस्ता लागला, काटा ऐंशीवर गेला की गणित उलटतं. पेट्यांनी गाडीचं तोंड तिसऱ्या हिश्श्याने मोठं केलेलं असतं. शिवाय केबिनच्या तिरक्या काचेवरून वर सरकलेला वारा पेट्यांच्या सरळ उभ्या भिंतीवर आदळतो. त्रेचाळीस किलोचा रोध पंच्याहत्तरच्या आसपास पोचतो, म्हणजे तीस किलोंची वाढ. चिऱ्यांनी वाढवली होती दहा-बारा किलोंची. पन्नास किलोमीटर असंच चाललात तर पेट्यांचे सव्वा लिटर जास्तीचे जातात, चिऱ्यांचा अर्धा. हे माझे मध्यम गाडीवर केलेले ढोबळ हिशेब आहेत, गाडीगणिक आकडे थोडे हलतील, पण क्रम हलणार नाही.

म्हणूनच 'हलका माल आहे, दाबून चल' हा सल्ला ऐकला की माझं डोकं फिरतं. हलका आणि उंच माल असेल तेव्हाच वेग आवरायचा असतो. जड आणि बसक्या मालाला वेगाची झळ त्या मानाने कमी. ब्रेकसाठी तिथेही सांभाळून चालवावंच लागतं, पण तो विषय डिझेलचा नाही. वेग ऐंशीवरून साठवर आणला की वाऱ्याचा रोध जवळजवळ निम्मा होतो. मडगाव ते पेडणे एवढ्या पट्ट्यात याने पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतील. उंच मालाची गाडी मी साठच्या वर नेत नाही, आणि माझ्या गाडीवर बसणाऱ्या ड्रायव्हरलाही नेऊ देत नाही. चवथीला गणपतीची उंच मूर्ती घरी आणताना सगळे आपसूक हळू जातात, तेव्हा कोणाचंच अॅव्हरेज पडत नाही. माल तितकाच उंच असतो, वेग नसतो.

झुआरीच्या नव्या पुलावर आणखी एक गोष्ट दिसते. जून-जुलैत खाडीवरून आडवा वारा सुटतो. पुलावर चढताच ताडपत्रीचा समुद्राकडचा काठ फुगतो, एक कडी सैल असली तर तो फटफट आपटायला लागतो आणि स्टिअरिंग हातात जरासं ओढल्यासारखं होतं. प्रत्येक फटक्याचे पैसे आपण भरत असतो. समोरून वारा आला तर त्याहून वाईट. गाडी ऐंशीने आणि वारा वीसने समोरून, म्हणजे गाडीच्या लेखी वेग शंभरचा, आणि रोध दीडपटीच्या वर. स्पीडोमीटरवर यातलं काही दिसत नाही. म्हणून ताडपत्री कडीन्‌कडी ओढून बांधलेली हवी. सैल ताडपत्रीपेक्षा जाळी बरी. जाळीतून वारा जातो, पण माल जागचा हलत नाही. आणि रिकामे क्रेट घडीचे असतील तर ते घडी घालून खाली ठेवा, एकात एक बसणारे असतील तर बसवा. भरलेल्या मापाने रिकामे क्रेट रचणं म्हणजे हवेचं भाडं भरणं. केबिनच्या वर लोखंडी पट्ट्यांचा कायमचा सांगाडा वेल्ड करून घेण्याची पद्धत मला अजिबात पटत नाही. माल असो नसो, तो सांगाडा रोज वारा अडवतो.

आता फाळका. रिकाम्या गाडीचा मागचा फाळका खाली सोडला की वारा सरळ निघून जातो, डिझेल वाचतं, असं सांगणारे मला दर आठवड्याला भेटतात. समज साधी आहे: उभा फाळका म्हणजे वाऱ्यापुढे भिंत. पण वारा तिथवर सरळ येतच नाही. केबिनच्या छपरावरून तो हौद्याच्या वरून झेपावत मागे जातो आणि फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो. वरचा वारा त्या भोवऱ्यावरून घसरत पुढे जातो. फाळका उघडला की भोवरा मोडतो आणि केबिनच्या मागे हवेची ओढ वाढते. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले केविन कूपर यांनी वायुबोगद्यातल्या (उभ्या गाडीवर वारा सोडून रोध मोजतात तिथल्या) अशाच कामावरून २००४ साली फाळका बंदच ठेवावा असं सांगितलं. त्यांच्या गाड्या अमेरिकी धाटणीच्या होत्या, आपल्या पिकअपचा हौदा आणि केबिन वेगळी, त्यामुळे त्यांचे आकडे मी इथे लावणार नाही. भोवऱ्याचं तत्त्व मात्र आपल्याच हौद्यात बघता येतं. रिकाम्या हौद्याच्या मधोमध मूठभर भाताचा भुसा टाका, फाळका लावा, मोकळ्या रस्त्यावर थोडं अंतर साठने जा. थोडा उडेल. पण बराचसा मागे जाण्याऐवजी पुढे सरकून केबिनच्या भिंतीशी गोळा झालेला सापडेल.