पावनखिंड आणि उंबरखिंड: नावं जवळची, जागा दूरच्या

दोन्ही नावांत खिंड आहे, दोन्ही लढाया शिवाजी महाराजांच्या काळातल्या आणि त्यांच्यात सात महिन्यांचंही अंतर नाही. पावनखिंडीची लढाई 13 जुलै 1660 ची, उंबरखिंडीची 2 फेब्रुवारी 1661 ची. त्यात पावनखिंडीजवळचं मोठं नाव आंबा घाट आणि उंबरखिंड आहे ती अंबा नदीच्या पात्रात. एवढं सारखेपण असल्यावर घोटाळा होणारच. पण पावनखिंड कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात आहे, उंबरखिंड रायगड जिल्ह्यात खोपोलीच्या पलीकडे. सरळ रेषेत मोजलं तरी मधे दोनशे किलोमीटर पडतात. दोन्ही एकाच शनिवार-रविवारात उरकायचा बेत असेल तर तो सोडून द्यावा.

फरक लक्षात ठेवायला पाणी कुठे वाहतं ते पाहा. पावनखिंड घाटमाथ्यावरची. तिथलं पाणी कासारी नदीतून पंचगंगेला आणि पुढे कृष्णेला मिळतं, म्हणजे पूर्वेकडे जातं. उंबरखिंड घाट उतरल्यावर, पायथ्याशी. तिथली अंबा नदी पालीवरून, नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीत जाते. एक लढाई माथ्यावरच्या अरुंद वाटेत झाली, दुसरी कोकणात उतरणाऱ्या वाटेच्या तळाशी. जागा पाहण्याची रीतही त्यामुळे बदलते.

पावनखिंडीत अडवायचं होतं. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा होता. 12 जुलैच्या रात्री, भर पावसात महाराज राजदिंडीच्या वाटेने निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. पाठलागावर सिद्दी मसूद होता. बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे खिंडीत थांबले, ते फक्त महाराजांना गड गाठेपर्यंतचा वेळ मिळावा म्हणून. महाराजांबरोबर सहाशे आणि बाजींजवळ तीनशे, हे आकडे परंपरेने सांगितले जातात. इथे एकच तोंड रोखायचं होतं. पाठीमागची वाट मोकळी राहिली पाहिजे, कारण त्याच वाटेने राजा पुढे चालला होता. या खिंडीचं आधीचं नाव घोडखिंड. गजापूरची खिंड हाही उल्लेख सापडतो. नेमकी जागा कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण स्मारक आहे ते आज पावनखिंड म्हणून दाखवतात तिथेच.

उंबरखिंडीत अडवायचं नव्हतं, आधी आत येऊ द्यायचं होतं. शाहिस्तेखानाने पुण्याहून कारतलबखान उझबेकला कोकणात धाडलं. बरोबर माहूरची सरदारीण रायबागन होती. फौज लोणावळ्याकडून कुरवंड्याच्या घाटाने खाली उतरू लागली. घाटातली झाडी दाट आणि वाट एकेरी, तेव्हा हत्ती, घोडे, ओझी यांची एक लांबच लांब रांग झाली. ती पुरती आत शिरली तेव्हा पुढचं तोंड महाराजांनी धरलं आणि मागचं नेताजी पालकरांनी. खानाला ना पुढे सरकता येईना, ना मागे फिरता येईना, आणि पाणीही हाताशी नव्हतं. रायबागनच्या सल्ल्याने त्याने शरणागती पत्करली. खंडणी घेऊन फौजेला जिवंत जाऊ दिलं.

म्हणून पावनखिंड खिंडीत उतरून पाहायची असते आणि उंबरखिंड दोन्ही टोकांवरून. बहुतेकांचं चुकतं ते नेमकं इथेच.

पावनखिंडीला कोल्हापूरहून रत्नागिरी रस्त्याने मलकापूरला यायचं आणि तिथून पांढरेपाणी, विशाळगडाच्या बाजूला वळायचं. आंबा गावापर्यंत पुढे जाऊन मग विचारत बसण्यापेक्षा मलकापुरातच ‘विशाळगडाचा रस्ता’ विचारावा. वरती स्मारक आहे, लोक तिथे फोटो काढून परत फिरतात. पण स्मारकाचा चौथरा म्हणजे खिंड नव्हे. पायऱ्या आणि पुढे लोखंडी शिडी उतरून ओढ्याच्या पात्रात गेलं की दोन्ही बाजूंचे कातळ अंगावर येतात आणि थोड्या माणसांनी मोठी फौज इथे का रोखता आली ते कळतं. पावसाळ्यात मात्र ही शिडी उतरू नये. ओढ्याला लोंढा असतो, कातळावर शेवाळ असतं. जुलैतल्या स्मृतिदिनाच्या आसपास तर पन्हाळ्याहून दोन दिवस चालत येणाऱ्यांची शिडीवर रांगच लागते. वातावरण अनुभवायचं असेल तर जुलैत जा, जागा समजून घ्यायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. जुलैत चालत येणार असाल तर खांद्यावरच्या पिशवीत कोरडे मोजे प्लास्टिकमध्ये बांधून घ्या. मसाई पठारावरच्या पावसात दुसरं काही कोरडं उरत नाही.

एका दिवसात मोटारीने करायचं तर पन्हाळ्यापासून सुरुवात करावी. राजदिंडी पाहावी, महाराजांचं सोंग घेऊन शत्रूच्या हाती गेलेल्या शिवा काशीदांची समाधी पाहावी, आणि मग मलकापूरमार्गे पावनखिंड. उलट्या क्रमाने गेलं तर महाराज किती अंतर रात्रीतून, चिखलातून चालून आले याचा अंदाजच येत नाही. बाजी आणि फुलाजी या भावांच्या समाध्या पावनखिंडीत नाहीत, विशाळगडावर आहेत. खिंडीत त्या शोधत फिरणारे पुष्कळ भेटतात. विशाळगडावर जाण्याबाबत 2024 पासून प्रशासनाचे निर्बंध लागत आलेत, तेव्हा निघण्याआधी कोल्हापुरात चौकशी केलेली बरी.

उंबरखिंडीचं स्मारक गाठणं सोपं आहे, समजणं अवघड. खोपोलीहून पालीच्या रस्त्याने साधारण पंधरा किलोमीटरवर शेमडी गाव लागतं, तिथून आत चावणीकडे जायचं. बल्लाळेश्वराला निघालेल्या कित्येक गाड्या रोज हा फाटा ओलांडून जातात. ‘समरभूमी उंबरखिंड’ असा स्तंभ नदीच्या पात्रातल्या कातळावर उभा आहे. तिथे पोहोचल्यावर हमखास प्रश्न पडतो की खिंड कुठे आहे? पावनखिंडीसारखी दगडी फट मनात धरून आलेल्या माणसाला इथे उघडं पात्र आणि भोवतीचे डोंगर दिसतात. रणांगण त्या स्तंभापुरतं नाहीच. वर कुरवंड्यापासून खाली चावणीपर्यंत उतरणारी सगळी वाट म्हणजे रणांगण.

यावर एक साधा उपाय आहे. सकाळी आधी लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावी जा आणि नागफणीच्या कड्याकडून खाली पाहा. फौज कुठून उतरली आणि ती एकदा उतरल्यावर परत चढणं का अशक्य होतं, ते तिथून दिसतं. मग गाडीने लोणावळा, खोपोली, शेमडी करत खाली स्तंभापाशी या आणि तोच कडा आता वर मान करून पाहा. हा फेरा दीड-दोन तासांचा, मुंबई किंवा पुण्याहून सकाळी निघालात तर संध्याकाळी घरी. घाटवाटेनेच चालत उतरायचं तर तीन-चार तास धरा, वाट माहीत असलेला गावकरी बरोबर घ्या आणि गाडी चावणीला आधीच पाठवून ठेवा. नाहीतर खाली पोहोचल्यावर वर ठेवलेल्या गाडीकडे पुन्हा सगळा घाट चढावा लागेल. पाणी माणशी तीन लिटर घ्या, कारण फेब्रुवारीनंतर वाटेत भरवशाचं पाणी नसतं. पावसाळ्यात नदी भरली की स्तंभापर्यंत जाता येत नाही, काठावरूनच पाहावं लागतं.

या दोन लढायांना जोडणारा एक धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. पावनखिंडीच्या दिवशी विशाळगडाच्या पायथ्याला आदिलशाहीच्या बाजूने शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणीचे जसवंतराव दळवी मोर्चे लावून बसले होते. महाराजांना ते फोडूनच गडावर जावं लागलं. उंबरखिंडीत मोगली फौजेचा काटा निघाल्यावर महाराज तिथूनच दक्षिण कोकणात उतरले, दाभोळ, संगमेश्वर घेत गेले आणि त्याच 1661 च्या उन्हाळ्यात शृंगारपूर ताब्यात आलं. हे शृंगारपूर रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात आहे. आंबा घाट उतरून साखरप्यावरून पुढे जाता येतं, त्यामुळे पावनखिंडीच्या सहलीला आणखी एक दिवस जोडायचा असेल तर तो इथे खर्च करावा.