टाकी ‘तयार’ करायला डॅमसेल मासे कशाला?

खाऱ्या पाण्याची नवी रीफ टाकी (प्रवाळ आणि समुद्री माशांची) भरली की दुकानदार हमखास सांगतात, ‘आधी दोन-चार स्वस्त डॅमसेल सोडा, ते चिवट असतात. जगले तर टाकी तयार.’ हा सल्ला वर्षानुवर्षे चालत आलाय आणि तो चुकीचा आहे.

टाकी तयार, म्हणजे माशांना राहण्याजोगी, करतात ते जिवाणू. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. त्यांना हवा असतो फक्त अमोनिया, मग तो माशाच्या शरीरातून येवो की बाटलीतून. समुद्री टाकीचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि पीएच जितका जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा. कल्ले जाळून घेत तगून राहिलेला मासा म्हणजे चाचणी नव्हे, हा निव्वळ छळ आहे.

शिवाय जगलेला डॅमसेल सगळ्या खडकांवर हक्क सांगतो, नंतर आलेल्या माशांना ओरबाडतो. त्याला पकडायचं तर बहुतेकदा सगळी रचनाच उपसावी लागते!

त्यापेक्षा रिकाम्या टाकीत खडक ठेवा, पंप चालू करा, जिवाणूंचं मिश्रण घाला आणि अमोनियम क्लोराइडने अमोनिया साधारण २ पीपीएमवर (दशलक्षात दोन भाग) आणा. पुढे पुन्हा तेवढाच डोस दिल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. याला अनेकदा चार ते सहा आठवडे लागतात. मग बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवा आणि पहिला मासा आणा, तोही एकच.