गुणपत्रकाची उभी बेरीज

एमबीएच्या पहिल्या सत्रातला हमखास प्रश्न: ‘मागणीची लवचीकता म्हणजे काय ते सांगून तिचे प्रकार स्पष्ट करा.’ परीक्षेच्या आदल्या रात्री नागपुरातल्या होस्टेलांवर यावर ‘आयएमपी’चा शिक्का बसलेला असतो. आता हाच धडा, म्हणजे भाव हलला की मागणी किती हलते, वेगळ्या तऱ्हेनं विचारून बघा. आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात एकदम उतरली आहेत. भाव १० टक्क्यांनी पडलाय, खप मात्र ५ टक्केच वाढलाय. काटोलच्या बागायतदारानं माल आजच विकावा, शीतगृहात ठेवावा की दिल्लीकडे पाठवावा? निर्णय कारणांसह एका पानात लिहा.

पहिल्या प्रश्नाला १० पैकी ९ घेणारा दुसऱ्यापुढे पेन चावत बसू शकतो. ०.९ गुणिले १.०५ केलं की ०.९४५ येतं, म्हणजे एकूण उलाढाल साडेपाच टक्क्यांनी घटली. हा गुणाकार त्याला येत नाही असं नाही. इथे तो करायचा असतो, हेच सुचत नाही. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ साली शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हा ज्ञान सगळ्यात खाली ठेवलं आणि उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन त्याच्या वर. व्यवस्थापनाची पदवी वरच्या पायऱ्यांचं आश्वासन देते. पेपर बहुधा खालच्या पायरीवर बसून काढलेला असतो.

पण खरी गोम पुढे आहे. शंभरी ओलांडलेलं नागपूर विद्यापीठ घ्या किंवा २०१५ साली सुरू होऊन आता मिहानमध्ये वसलेलं आयआयएम, निकाल लागतो तो विद्यार्थ्यागणिक. कोण पुढे, कोण मागे, हे त्यातून कळतं. वर्गाला नेमकं काय आलं, हे कळत नाही. समजा, संत्र्यांचा प्रश्न साठ जणांनी सोडवला आणि सरांनी चार निकषांवर प्रत्येकी ५ गुण ठेवले: अडचण ओळखणं, सिद्धान्त लावणं, आकडेमोड आणि निर्णय. वर्गाची सरासरी २० पैकी १३ आली. बरं वाटतं. आता त्या गुणांचा तक्ता, ज्यात एकेका मुलाची आडवी ओळ आणि एकेका निकषाचा उभा रकाना असतो, आडवा न वाचता उभा वाचा. अडचण ओळखण्यात सरासरी ४.२, सिद्धान्तात ४, निर्णयात ३.२ आणि आकडेमोडीत १.६. बेरीज तीच १३, पण आता दिसतं की अख्खा वर्ग आकड्यांच्या वाटेला न जाताच निर्णय देतोय. आडव्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं, कारण भाषा चांगली असणाऱ्यानं ते भोक बुजवून टाकलेलं असतं.

व्यवस्थापन शिक्षणात ‘शिकल्याची खातरी’ म्हणतात ती हीच. बिझनेस स्कूलांना मानांकन देणाऱ्या एएसीएसबी या अमेरिकेतल्या संस्थेनं २००३ च्या निकषांत ती ठळकपणे घातली. आपल्याकडे महाविद्यालयं आणि अभ्यासक्रम तपासणाऱ्या नॅक आणि एनबीए या संस्थांच्या निमित्तानं तीच गोष्ट ‘सीओ-पीओ मॅपिंग’ (विषयातून काय यावं याची पदवीतून काय यावं याच्याशी सांगड) आणि ‘अटेनमेंट’ (त्यातलं किती साधलं) या नावांनी आली. कल्पना चांगली आहे, पण समिती यायच्या आठवड्यात एक्सेलच्या चौकटींत १, २, ३ भरत बसलं की तिचा जीव जातो.

दुसरी सोपी पळवाट म्हणजे फीडबॅक फॉर्म. ‘या विषयातून तुम्ही किती शिकलात?’ असं मुलांनाच विचारायचं. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. स्वतः झगडून प्रश्न सोडवायला लावलेली मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांचं नेमकं उलट. डोकं शिणलं की मनाला ते न समजल्यासारखं वाटतं. म्हणून मुलांचं मत जरूर घ्यावं, मात्र शिकल्याचा पुरावा त्यांच्या कामातच शोधावा.

कामात शोधायचं तर तपासणारा आलाच. १९१२ साली स्टार्च आणि एलियट यांनी इंग्रजीचा एकच पेपर शंभरावर शिक्षकांकडून तपासून घेतला, तर गुण ६४ पासून ९८ पर्यंत पसरले. भाषेचा विषय आहे, असं होणारच, असं लोक म्हणाले. मग त्यांनी भूमितीचा पेपर दिला, तिथे पसारा आणखी वाढला. केस स्टडीचं उत्तर तर या दोन्हींपेक्षा निसरडं. यावर उतारा म्हणजे रुब्रिक: ५ गुण कशाला, ३ कशाला, हे आधीच शब्दांत लिहून ठेवलेला तक्ता. आणि दोघांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासणं.

दोघांचं जुळलं की नाही, हे मोजतानाही फसायला होतं. समजा, दोन प्राध्यापकांनी १०० उत्तरं ‘ठीक’ किंवा ‘कच्चं’ अशी वाटली. दोघांनीही ९०-९० ठीक ठरवली आणि ८६ उत्तरांवर एकमत झालं. झकास! पण उत्तर न वाचता, चिठ्ठ्या टाकून दोघांनी ९०-९० ठीक ठरवली असती, तरी सरासरी ८२ ठिकाणी जुळलंच असतं: ०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१. उरलेल्या १८ पैकी त्यांनी खरे कमावले फक्त ४, म्हणजे ०.२२. जेकब कोहेन यांनी १९६० साली सुचवलेला हा ‘कप्पा’ निर्देशांक, आणि ०.२२ हा त्याचा अगदीच बेताचा आकडा. अशा वेळी मुलांना नावं ठेवण्याआधी रुब्रिकची भाषा सुधारावी लागते.

ग्रुप प्रोजेक्टचं दुखणं निराळं. पीपीटी एकजण करतो, नावं सहा. लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी १९७९ साली विद्यार्थ्यांना जमेल तितक्या जोरानं ओरडायला आणि टाळ्या वाजवायला लावलं. सहा जणांच्या गटात माणशी आवाज एकट्याच्या सुमारे ४० टक्क्यांवर आला. थोडं नुकसान ताळमेळ न जमल्यानं, बाकीचं सरळ अंग चोरल्यानं. आपला आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं की अंग चोरणं थांबतं, हेही याच संशोधकांनी पुढे दाखवलं. म्हणून गटाला एकच गुण देण्यापेक्षा व्हायवात प्रत्येकाला दुसऱ्याच्या भागावरचा प्रश्न विचारणं बरं.

आता आकडेमोडीतल्या त्या १.६ चं काय करायचं? आणखी एक व्याख्यान घ्यावंसं वाटेल, पण रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग वेगळं सुचवतो. एका गटानं उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्यानं एक पाळी वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्क्यांना ७१. आठवड्यानं पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. प्रयोग आठवणीपुरता आहे, तेवढ्यावरून सगळं व्यवस्थापनशास्त्र चालवता येणार नाही. तरी गुण न देता दर आठवड्याला दहा मिनिटांची छोटी आकडेमोड, कळमन्याच्या ताज्या भावांवर, एवढं सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही.

पुढच्या बॅचला निकष तेच ठेवायचे आणि उभी बेरीज पुन्हा करायची. प्रश्न मात्र बदलायचा. संत्र्यांऐवजी कापूस घ्या, नाहीतर बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यातला पडून राहिलेला साठा. काटोलच्या बागायतदाराचं उत्तर तोवर झेरॉक्सच्या दुकानात दोन रुपये पानानं मिळत असेल.