एमस एकरमन : अठरा महिन्यांचे ॲटर्नी जनरल

अमेरिकेत ॲटर्नी जनरलचे पद १७८९ पासून आहे. मात्र पुढची ऐंशी वर्षे या पदाच्या दिमतीला स्वतंत्र खाते नव्हते. राष्ट्राध्यक्षांना कायद्याचा सल्ला द्यायचा, सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडायची आणि, सुरुवातीची बरीच वर्षे, उरल्या वेळात आपली खासगी वकिलीही चालवायची, असा तो मामला होता. न्याय खाते १ जुलै १८७० रोजी सुरू झाले आणि त्याच महिन्यात जॉर्जियाचे वकील एमस एकरमन यांनी पदाची सूत्रे हाती घेतली.

एकरमन जन्माने दक्षिणेचे नव्हते. १८२१ साली न्यू हॅम्पशायरमधील पोर्ट्समथ येथे ते जन्मले, १८४२ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि शिकवण्या करत करत दक्षिणेत पोहोचले. सवाना शहरात ज्यांच्या मुलांना ते शिकवत, ते जॉन बेरियन हे स्वतः माजी ॲटर्नी जनरल; त्यांच्याच ग्रंथसंग्रहात बसून एकरमन कायदा शिकले. पुढे एल्बर्टन येथे वकिलीत त्यांचा जम बसला, शेती झाली, गुलामही बाळगले. दक्षिणेने संघराज्यातून फुटून निघणे त्यांना मान्य नव्हते, तरी यादवी युद्धात ते दक्षिणेच्याच बाजूने लष्करी सेवेत होते. ही बाब झाकून त्यांचे चरित्र सांगता येत नाही.

पराभवानंतर मात्र त्यांनी निकाल मनापासून स्वीकारला. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व आणि मतदानाचा हक्क कायद्याने मिळाला असेल, तर तो बजावता आला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. त्या वेळी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त दहशतवादी संघटनेचे बुरखाधारी स्वार रात्री घरांवर चालून जात, फटके मारत, खून पाडत. आणि स्थानिक ज्यूरी आरोपींना हात लावायला तयार नसत. एप्रिल १८७१ च्या कायद्याने केंद्र सरकारला हस्तक्षेपाचे अधिकार दिल्यावर एकरमन स्वतः दक्षिण कॅरोलायनातील यॉर्कव्हिलला गेले. तेथे मेजर लुईस मेरिल यांनी कित्येक महिने खपून पुरावे जमवून ठेवले होते. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी तिथल्या नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांत) हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क स्थगित केला. शेकडो जणांना अटक झाली; अनेक जण आपणहून हजर झाले, तर बडे म्होरके आधीच पसार झाले होते.

नोव्हेंबरमध्ये दक्षिण कॅरोलायनाची राजधानी कोलंबिया येथे खटले उभे राहिले. ज्यूरीत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि आरोपींच्या बाजूने उभे होते रेव्हर्डी जॉन्सन व हेन्री स्टॅनबेरी, म्हणजे दोन माजी ॲटर्नी जनरल! केंद्राला असे खटले चालवण्याचा अधिकारच नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. तरीही आरोपी दोषी ठरले आणि कित्येकांनी गुन्हा कबूल केला.

खटले चालू असतानाच, डिसेंबरमध्ये, ग्रँट यांनी एकरमन यांचा राजीनामा मागितला. रेल्वे कंपन्यांना सरकारी जमिनी देण्याच्या प्रश्नावर त्यांनी दिलेले प्रतिकूल मत त्या कंपन्यांना आणि सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या अंतर्गत (इंटीरियर) खात्याचे मंत्री कोलंबस डेलानो यांना खुपत होते, तर परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश बैठकांतल्या त्यांच्या क्लॅनपुराणाला कंटाळले होते. कारण एकच होते असे म्हणवत नाही. रेल्वेचे पारडे जड असावे. बदल्यात देऊ केलेली पदे नाकारून जानेवारी १८७२ मध्ये ते बाहेर पडले आणि जॉर्जियातच, कार्टर्सव्हिल येथे, डिसेंबर १८८० मध्ये मृत्यू येईपर्यंत वकिली करत राहिले.